निसर्गसहलीला निघण्याआधी: आठ आठवड्यांत शरीर कसं तयार करावं

गाईडने हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थबकले. समोरच्या झाडाच्या ढोलीतून घुबडाचं पिल्लू डोकावत होतं. इतरांबरोबर मीही दुर्बीण डोळ्यांना लावली. पण मला इतकी धाप लागली होती की दुर्बिणीतलं झाड नुसतं वर-खाली हलत होतं. छाती शांत होईपर्यंत पिल्लू आत गेलेलं. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताची थरथरही आठपट मोठी करून दाखवते, हे तेव्हा कळलं. चढ काही मोठा नव्हता. घरी मी रोज पाऊण तास चालत होते आणि तेवढं पुरेल असं धरून चालले होते.

एकटं फिरताना दमलं की बसता येतं. गाईडबरोबर गटात जाताना वेग तुमचा नसतो, थांबेही तुमचे नसतात. पहाटे किती वाजता निघायचं ते पक्षी आणि प्राणी ठरवतात, कुठे श्वास रोखून उभं राहायचं ते गाईड ठरवतो. त्यामुळे मुक्कामाला पोहोचण्यापुरती ताकद असून भागत नाही; पोहोचल्यावर बघण्या-ऐकण्यापुरतं शरीर शिल्लक असावं लागतं. माझा अंदाजपंचे हिशोब असा: सहलीतला सर्वांत अवघड दिवस आपल्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांत बसला पाहिजे. उरलेले तीस टक्के डोळ्यांसाठी.

त्यासाठी आठ आठवडे हवेत. सहा असतील तरी चालतं. हाती दोनच असतील तर व्यायामाचं सोडा, बूट आणि औषधं यांच्याकडे लक्ष द्या आणि सोपी सहल निवडा.

पायरी १: सहल नेमकी कशी आहे ते विचारून घ्या

माहितीपत्रकात ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘साधारण तंदुरुस्ती आवश्यक’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतो, म्हणून आकडे मागा. सर्वांत लांबच्या दिवशी किती किलोमीटर आणि किती तास? एकूण चढ किती मीटर, उतार किती? असे दिवस लागोपाठ किती? वाट मातीची, दगडांची, चिखलाची की वाळूची? ओढे ओलांडायचे आहेत का? पाठीवर किती वजन? सर्वांत उंच मुक्काम किती मीटरवर? वाटेत एखाद्याला पुढे जाणं जमलं नाही तर काय करतात?

हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण त्याच्या उत्तरावरून आयोजक किती अनुभवी आहे ते कळतं. ‘दुसरा गाईड त्यांना घेऊन परत येतो’ हे उत्तर झालं. ‘असं कधी होत नाही’ हे नाही.

आकडे हातात आले की एक जुना हिशोब वापरा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. मेट्रिक मापात तो असा होतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर न थांबता साधारण ३ तास २४ मिनिटं. आता आयोजक याच दिवसाला सात तास देत असेल तर गट रमतगमत, बघत जाणारा आहे. चारच तास देत असेल तर तो गट चालण्यासाठी निघाला आहे, पक्षी वाटेत दिसले तर दिसले. दोन्ही प्रकार चांगले आहेत, फक्त आपण कुठल्यात नाव घालतोय हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

पायरी २: डॉक्टरांकडे जाऊन या

व्यायाम सुरू करण्याच्या आधी जा. छातीत दुखणं किंवा दडपण, श्रमाने चक्कर, थोड्या चढाने अवाजवी दम, छातीत अधूनमधून धडधड, जुना सांधेदुखीचा त्रास, यांतलं काहीही असेल तर ते स्पष्ट सांगा. चाळिशी उलटली असेल आणि कित्येक वर्षं बैठं काम असेल तर तक्रार नसतानाही जा.

रोजची औषधं कोणती हे सांगणं सर्वांत महत्त्वाचं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. उन्हात दिवसभर चालताना त्यांचा परिणाम जास्त जाणवतो. बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आवरणारी औषधं) घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके श्रमानेही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा त्यांना फसवतो. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर लांबच्या चालण्याने फक्त त्याच दिवशी नव्हे तर त्या रात्रीही खाली जाऊ शकते. यांतल्या कुठल्याही औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका; डॉक्टरांकडून सहलीपुरता आराखडा लिहून घ्या.

लसींचं याच भेटीत बघा, कारण त्यांना वेळ लागतो. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. पीतज्वराची लस ज्या देशांत सक्तीची आहे तिथे तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. दवाखान्यापासून फार लांब जायचं असेल तर रेबीजची पूर्वतयारीची लस घ्यायची का ते विचारा. मलेरियाच्या प्रदेशात जायचं असेल तर प्रतिबंधक गोळ्या कोणत्या हेही. काही गोळ्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, काही दोन-तीन आठवडे आधी.

दाताला कीड असेल तर तीही आत्ताच बघून घ्या. रानात दाढ दुखायला लागली की दुसरं काही सुचत नाही.

पायरी ३: आज आपण कुठे आहोत ते मोजा

एका रविवारी पाच साध्या गोष्टी करून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

एक तास झपाझप चाला. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं का? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो वेग आपल्यासाठी जास्त आहे. सगळ्या उपकरणांपेक्षा मला ही कसोटी भरवशाची वाटते.

दहा मजले न थांबता चढा आणि उतरा. चढताना दम किती लागतो याहून उतरताना गुडघे काय म्हणतात तिकडे लक्ष द्या.

एका पायावर ३० सेकंद उभे राहा, मग दुसऱ्या. ओढ्यातल्या दगडांवरून जाताना हेच लागतं.

उकिडवे बसा, मिनिटभर तसेच राहा आणि हात न टेकता उठा. जमिनीवरचं फूल किंवा पायाचा ठसा बघण्यासाठी दिवसात वीसदा तरी असं बसावं लागतं. शौचासाठीही.

शेवटचं, दुर्बीण किंवा तेवढ्या वजनाची वस्तू डोळ्यांच्या उंचीवर दोन मिनिटं धरा. पक्षी बघण्याच्या नेहमीच्या दुर्बिणीचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं. दुसरं मिनिट संपेपर्यंत खांदे बोलायला लागतात.

पायरी ४: चालणं, चढणं आणि मुख्य म्हणजे उतरणं

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस ३० ते ४० मिनिटं, वर सांगितलेल्या बोलता येण्याच्या वेगाने चाला. याहून जास्त करू नका. उत्साह पहिल्याच आठवड्यात उतू जातो आणि तिसऱ्या आठवड्यात टाच धरून बसायची वेळ येते. दमसास लवकर वाढतो, स्नायू त्यामागून येतात, आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे सगळ्यांत हळू तयार होतात. म्हणून ‘मला तर काहीच वाटत नाहीये’ असं म्हणत अंतर दुप्पट केलं की घोटा किंवा गुडघा बिघडतो.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात चार दिवसांपैकी एक दिवस लांबचं चालणं ठेवा: दीड तास, दोन तास, अडीच तास असं वाढवत. आणखी एक दिवस चढ-उताराचा. आसपास टेकडी नसेल तर जिना आहेच. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरली तर ३०० मीटर चढ म्हणजे १०० मजले. दहा मजली इमारत दहा वेळा. एका दिवसात करायचे नाहीत, वीस मजल्यांपासून वाढवत जायचं.

आणि कृपा करून जिना चढून लिफ्टने खाली येऊ नका. गटात जे लोक तिसऱ्या दिवशी गाडीतच बसून राहतात त्यांना बहुतेक वेळा चढाने नाही, उताराने बसवलेलं असतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, पावलोपावली ब्रेक लावल्यासारखा. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत म्हणजे त्या संध्याकाळी काहीच कळत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, आणि मग सकाळी तंबूतून उठताना शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार लागतो.

याला एक छान उतारा आहे. उताराची एक मध्यम मेहनत करून स्नायू एकदा दुखले आणि बरे झाले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते फार कमी दुखतात. म्हणजे हे दुखणं घरीच भोगून टाकायचं. सहलीच्या आधीच्या महिन्यात तीन-चार वेळा तरी बऱ्यापैकी मोठा उतार उतरा, पैकी शेवटचा निघण्याच्या दहाएक दिवस आधी. आदल्या आठवड्यात मात्र नको, नाहीतर दुखरे पाय घेऊनच निघाल.

उतरण्याची पद्धतही शिकण्यासारखी आहे. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, शरीर मागे रेललेलं नको. मागे रेललं की टाच सरकते आणि माणूस बसकण मारतो. गुडघ्यांची तक्रार असेल तर दोन काठ्या घ्या, उतारावर गुडघ्यांवरचा भार त्यांनी कमी होतो. फक्त टोकांना रबरी टोप्या लावा. दगडावर धातूचा टकटक आवाज झाला की पुढचा प्राणी गेलाच म्हणून समजा, आणि गाईडही तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती विसरता येत नाही.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करा. उठाबशा, सुरुवातीला खुर्चीला टेकेपर्यंत, नंतर खोल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश. एका पायाने पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळूहळू जमिनीला टेकवणं. उताराची याहून चांगली तालीम घरात होत नाही. कोपरांवर आडवं राहून पाठ-पोट ताठ धरणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या. यासाठी जिमची गरज नाही. असेल तर जा, पण तिथल्या पट्ट्यावरचं सपाट चालणं म्हणजे दगडधोंड्यांवरचं चालणं नव्हे. घोट्याला ऊबडखाबड जमीन दाखवावीच लागते.

चौथ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक चढवा. आधी दोन किलो, मग हळूहळू सहलीत असेल तेवढं. दोन लिटर पाणी म्हणजेच दोन किलो, त्यात जॅकेट, खाणं, दुर्बीण आणि कॅमेरा धरला की पाच-सहा किलो सहज होतात. कमरेचा पट्टा नीट आवळला की वजन खांद्यांवरून कंबरेवर येतं. बरेच जण हा पट्टा शोभेसाठी आहे असं समजतात.

सहाव्या आठवड्यात शनिवार-रविवार लागोपाठ चाला, दोन्ही दिवस तीन-चार तास. जड पायांनी पुन्हा निघणं म्हणजे काय हे याशिवाय समजत नाही. सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला रंगीत तालीम: तेच बूट, तेच मोजे, तीच सॅक, तेच खाणं, आणि सहलीतल्या अवघड दिवसाला जितके तास लागतील त्यांच्या तीन चतुर्थांश वेळ. आठवा आठवडा हलका. तीन दिवस अर्धा तास चालणं, बाकी झोप (गरम ठिकाणी जाणाऱ्यांचं थोडं वेगळं, ते पायरी ७ मध्ये).

मधे ताप आला किंवा छातीत कफ भरला तर व्यायाम बंद. अंगात ताप असताना ‘घाम गाळून बरं होऊ’ म्हणणं हृदयाच्या दृष्टीनेही धोक्याचं आहे. बरं झाल्यावर एक पायरी मागे जाऊन सुरू करा. बुडालेले दिवस भरून काढायला जाऊ नका.

पायरी ५: उभं राहण्याची तयारी

ही गोष्ट व्यायामाच्या याद्यांत सहसा नसते, आणि निसर्गसहलीत निम्मा दिवस हेच चालतं. दहा पावलं चालायचं, सात मिनिटं थांबायचं, पुन्हा चाळीस पावलं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना पायातलं रक्त वर ढकलत असतात. आपण खांबासारखे उभे राहिलो की ते काम थांबतं, पाय जड होतात, आणि उन्हात उपाशीपोटी असू तर डोळ्यांपुढे अंधारीही येते. म्हणून थांबल्यावर बुटाच्या आत बोटं हलवत राहा, टाचा अलगद उचला, वजन या पायावरून त्या पायावर घ्या. गुडघे मागे ताणून घट्ट धरू नका. हे सगळं आवाज न करता करता येतं.

सरावासाठी घरच्या खिडकीत किंवा बागेत वीस मिनिटं हालचाल न करता उभे राहा आणि काय काय दिसतं ते टिपा. कंटाळवाणं वाटेल. तसं वाटायला लागलं की सराव सुरू झाला.

झाडांच्या शेंड्याकडे तासन्‌तास बघणाऱ्यांची मान आखडते. नुसती मान मागे न टाकता कंबरेपासून किंचित मागे झुका, जमेल तिथे झाडाला टेका, आणि मधूनमधून हनुवटी छातीकडे आणा. दुर्बीण गळ्यातल्या एका पट्ट्यापेक्षा दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्याला लावली तर मानेवरचा भार जातो. कोपरं बरगड्यांना टेकवून धरली की थरथर कमी होते. आणि माझ्यासारखी धाप लागलेली असेल तर आधी दोन सावकाश उच्छ्वास, मग दुर्बीण वर. दोन सेकंद गेले तरी ते परत मिळतात.

खुल्या गाडीतून फिरणं ज्यांच्या कार्यक्रमात आहे त्यांनी ‘आपण तर बसूनच जाणार’ म्हणून निर्धास्त राहू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर चार तासांनी पाठ बोलते. पोट-पाठीचे व्यायाम इथे कामी येतात.

पहाटेची सवय वेगळी लावावी लागते. चार वाजता उठायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपा आणि लवकर उठा. त्या वेळी पोट साफ होतं का, दोन घास जातात का, हेही बघून ठेवा.

पायरी ६: बूट, मोजे, नखं

नवे बूट घेऊन थेट निघू नये हे सगळ्यांना माहीत असतं. फार जुने बूटही घातक असतात हे कमी जणांना माहीत आहे. माझे एक जोड बूट चार वर्षं कपाटात अगदी नव्यासारखे पडून होते. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या तासाला, डाव्या बुटाचा तळ जबड्यासारखा उघडला, आणि दुपारी उजव्याचा. उरलेले दोन दिवस मी दोऱ्या बांधलेल्या बुटांनी चालले. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते वर्षानुवर्षं आतून विघटित होत जातं, बूट न वापरताही. म्हणून जुने बूट काढा, वाकवून बघा, तळाला भेगा किंवा भुगा दिसतो का ते तपासा आणि तालमीत घालून दोन-तीन मोठी चालणी करा.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सहलीचेच मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उतरा. बोटं पुढे आपटली तर तो जोड परत ठेवा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते, त्यापेक्षा लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे चांगले.

पायात कुठे गरम झाल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटलं की तेव्हाच थांबा आणि चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. गाईडला थांबवायला संकोचू नका. दोन मिनिटांचा थांबा त्याला परवडतो, लंगडणारा माणूस परवडत नाही. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी, सरळ रेषेत कापा.

कपड्यांचं थोडक्यात: थर घाला, सुती कमी, आणि बाही अंगावर घासून सळसळ आवाज करणारं जॅकेट घरी ठेवा. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत ती जाते. उलट थांबल्यावर घामट अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून गरम कपडा सॅकच्या तळाशी नको, वर हवा.

पायरी ७: उकाडा, थंडी, उंची

उकाड्याची सवय शरीर एक ते दोन आठवड्यांत करून घेतं. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रवभाग वाढतो. गरम ठिकाणी जायचं असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत रोजचं चालणं दिवसाच्या उबदार वेळी करा, वीस मिनिटांपासून वाढवत तासापर्यंत. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं, यांतलं काही झालं की सावलीत.

थंडीचा अंदाज बांधायला एक आकडा पुरतो: दर १,००० मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने गार होते.

उंचीचं मात्र वेगळं आहे. तिची तयारी व्यायामाने होत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि धडधाकट तरुण त्यात जास्त सापडतात असा माझा अनुभव आहे, कारण ते भराभर चढतात. कार्यक्रम तपासताना एवढं बघा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा असावा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर ही लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं, किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर ताबडतोब खाली उतरवायचं, रात्र असली तरी. या त्रासासाठी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, आणि ती सावकाश चढण्याला पर्याय नाहीत.

पायरी ८: पाणी, खाणं आणि आडोसा

तहान लागेल तसं, घोटाघोटाने प्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. याच्या उलट टोकाची चूकही होते: तहान नसताना लिटरमागून लिटर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्यातून डोकेदुखी, ओकाऱ्या, पुढे बेशुद्धीपर्यंत मजल जाते. फार घाम येत असेल तर पाण्याबरोबर खारट काहीतरी खा. जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. कमी पाण्यात केलेलं दाट मिश्रण उलट त्रास देतं.

दर तास-दीड तासाने थोडं खा, भूक लागायची वाट न बघता. तालमीत जे पचलं तेच न्या.

आता एक गोष्ट, जी बायका एकमेकींना सांगतात पण लेखात कुणी लिहीत नाही. वाटेत आडोसा नसेल या धास्तीने कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं धरून बसतात, आणि परतल्यावर लघवीच्या जळजळीने हैराण होतात. सहलीच्या पहिल्या सकाळी गाईडला सरळ सांगा की दर दोन तासांनी आडोशाचा थांबा हवा. त्याला ते ऐकण्याची सवय असते. त्या दिवसांत पाळी येणार असेल तर लागेल त्याहून जास्त सामान आणि वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

पायरी ९: पहिल्या सकाळी गाईडशी बोला

निघण्याआधी बाजूला घेऊन त्याला चार गोष्टी सांगा: कुठला आजार आहे, कुठलं औषध चालू आहे आणि ते सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे, कशाची ॲलर्जी आहे, आणि आधी कुठे त्रास झाला होता. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दमा लपवणारे मी पाहिलेत. मग इनहेलर कुठे आहे हे शोधण्यात सगळ्या गटाची पाचावर धारण बसते.

तुम्ही हळू चालणाऱ्यांपैकी असाल तर रांगेत गाईडच्या लगेच मागे राहा. संकोचाने शेवटी जाऊ नका. शेपटीच्या माणसाचं गणित वाईट असतं: पुढचे थांबून विसावतात, मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि तो पोहोचला की सगळे निघतात. दिवसभरात पुढच्याला दहा विसावे मिळतात, मागच्याला एकही नाही. पक्षीही तोवर उडून गेलेला असतो. पुढे राहिलात तर गाईडला तुमचा श्वास ऐकू येतो आणि तो आपोआप वेग बेतात ठेवतो.

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश. गप्पा मारता येतील इतकाच वेग, कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. दर थांब्यावर स्वतःला तीनच प्रश्न: पाय कुठे चुरचुरतोय का, शेवटचं पाणी कधी प्यायले, अंग गार पडतंय का.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागे आणि केसांत गोचीड आहे का ते तपासा. सापडलाच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं, पिळणं हे प्रकार नकोत. जागा धुऊन तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना उपयोगी पडते. मलेरियाच्या प्रदेशातून आला असाल तर पुढे कित्येक महिन्यांनी आलेल्या तापालाही ‘मी अमुक ठिकाणी जाऊन आलेय’ हे पहिलं वाक्य असू द्या. गोळ्यांचा कोर्स परतल्यावरही चालू ठेवायचा असतो: काहींचा आठवडाभर, काहींचा चार आठवडे.

पायांना दोन दिवस सुट्टी द्या, पण अंथरुणात पडून नाही. अर्धा तास हळू चाललं की मांड्या लवकर मोकळ्या होतात. बूट उन्हात तापवू नका. आतली पट्टी काढून सावलीत वाळवा आणि तळाला चिकटलेली माती, बिया काढून टाका, नाहीतर पुढच्या रानात त्या तुमच्याबरोबर जातात.